दुर्बीण पूर्ण होईपर्यंत थांबावे काय?

विद्यार्थी मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. समजा, तुमच्या शाळेत नवी दुर्बीण आली आहे. पेटीत तीनऐवजी एकच नेत्रिका आहे. तिवई थोडी डुगडुगते. बाकीचे सामान दोन महिन्यांनी येणार असे दुकानदाराचे पत्र आहे. अशा वेळी काय करावे? सगळे सामान येईपर्यंत पेटीला कुलूप लावावे, की आहे त्या सामानावर आज रात्रीच चंद्र पाहावा?

प्रश्न लहान वाटतो, पण तो मोठमोठ्या वैज्ञानिकांनाही पडतो, आणि त्यावर कोट्यवधी रुपयांचे भवितव्य ठरते. माझे उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो: आज रात्रीच चंद्र पाहावा. पण नुसते मत सांगून भागत नाही. मताला पुरावा हवा. तो पुरावा मी एका उडत्या वेधशाळेच्या पहिल्या काही महिन्यांच्या कामातून देणार आहे. तिचे नाव सोफिया. 'अवरक्त खगोलशास्त्रासाठी स्थितांबरातील वेधशाळा' या अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. अमेरिकेची नासा आणि जर्मनीची अंतराळ संस्था यांनी मिळून ती उभारली. साधारण ८० टक्के भार अमेरिकेचा आणि २० टक्के जर्मनीचा अशी वाटणी होती.

वेधशाळा विमानात कशासाठी?

प्रथम हे समजून घेऊ की दुर्बीण विमानात बसवण्याचा खटाटोप करायचाच कशासाठी.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून सोडला आणि वर्णपटाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही तापमापीचा पारा चढला. हेच अवरक्त किरण. तापलेली प्रत्येक वस्तू असे किरण बाहेर टाकते. 'तापलेली' हा शब्द इथे सैलपणे घ्या. निरपेक्ष शून्याच्या वर तापमान असले की झाले! कोणत्या तरंगलांबीचे किरण सर्वांत जोरात निघतील, हे काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. २,९०० या संख्येला वस्तूच्या केल्विनमधील तापमानाने भागा. उत्तर मायक्रोमीटरमध्ये येते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन, म्हणून उत्तर अर्धा मायक्रोमीटर; हा आपल्याला दिसणारा प्रकाश. तुमचे शरीर ३१० केल्विन, म्हणून उत्तर साधारण ९ मायक्रोमीटर. ताऱ्यांमधल्या पोकळीत धुळीचे जे थंडगार ढग आहेत ते ३० केल्विनच्या आसपास, म्हणजे उत्तर जवळजवळ १०० मायक्रोमीटर. नवे तारे जन्मतात ते नेमके याच ढगांच्या पोटात. साध्या प्रकाशात हे ढग काळे दिसतात. अवरक्तात मात्र ते उजळतात.

मग हे किरण जमिनीवरून का पाहू नयेत? कारण आपल्या वातावरणातली पाण्याची वाफ त्यांतले बहुतेक गिळून टाकते. वाफ आहे ती मुख्यतः खालच्या थरांत. १२ ते १४ किलोमीटर उंचीवर गेलात, तर वातावरणातली ९९ टक्क्यांहून अधिक वाफ तुमच्या पायाखाली राहते. म्हणून तीन मार्ग उरतात: बलून, विमान आणि उपग्रह.

बलूनचा मार्ग आपल्या देशात परिचित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर आरशाची अवरक्त दुर्बीण तयार केली आणि हैदराबादच्या आपल्या बलून केंद्रातून ती आकाशात सोडली. बलून विमानाच्या दुपटीहून अधिक उंच जातो, पण वारा नेईल तिकडे जातो आणि एका रात्रीत काम आटोपावे लागते. उपग्रहाला वातावरणाचा त्रासच नाही, पण एकदा सोडला की त्याला हात लावता येत नाही. त्यातले शीतक द्रव्य संपले की कामही संपते. हर्शेल यांच्याच नावाच्या युरोपीय अवरक्त उपग्रहाचे द्रवरूप हेलियम एप्रिल २०१३ मध्ये संपले आणि चांगली धडधाकट दुर्बीण थांबली.

विमान या दोहोंच्या मधले आहे. ते रोज सकाळी परत येते. बिघडलेला भाग बदलता येतो, हेलियम पुन्हा भरता येते, जुने उपकरण काढून नवे लावता येते. माझ्या सबंध म्हणण्याचा पाया इथेच आहे. जे यंत्र दररोज घरी परत येते, ते काम करता करता पूर्ण करता येते.

आधीची पिढी

सोफियाच्या आधी कायपर वेधशाळा होती. खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांचे नाव तिला दिले होते. एका मालवाहू लष्करी जेट विमानात ९१ सेंटिमीटरची दुर्बीण बसवून ती १९७४ पासून १९९५ पर्यंत उडत होती. तिचा सर्वांत गाजलेला शोध १० मार्च १९७७ चा. त्या रात्री युरेनस ग्रह एका ताऱ्यावरून सरकणार होता. जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम आणि डग्लस मिंक हे दक्षिण हिंदी महासागरावर विमानातून त्या ताऱ्याचा प्रकाश मोजत होते. पिधानाची वेळ नक्की किती वाजता हे खात्रीने ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी नोंद बरीच आधी सुरू केली. आणि काय आश्चर्य! ग्रह ताऱ्यापाशी पोचायच्या अर्ध्या तासाहून अधिक आधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावला. मग पुन्हा, मग पुन्हा. ग्रह पुढे सरकल्यावर दुसऱ्या बाजूलाही तसेच घडले. युरेनसला कडी आहेत हे अशा रीतीने कळले. त्याच रात्री तामिळनाडूतील कावलूर येथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनीही १ मीटरच्या दुर्बिणीतून ताऱ्याचा प्रकाश असाच मंदावल्याचे नोंदवले होते.

विद्यार्थ्यांनो, 'नोंद आधी सुरू केली' हे शब्द लक्षात ठेवा. ठरल्या वेळेची वाट पाहत यंत्र बंद ठेवले असते, तर ग्रहाच्या अलीकडच्या बाजूची कडी निसटली असती.

१९९५ मध्ये कायपर वेधशाळा बंद केली गेली. तिच्यावर खर्च होणारा पैसा आणि मनुष्यबळ नव्या, मोठ्या सोफियाकडे वळवायचे होते. सोफिया २००१ च्या सुमारास उडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिचे पहिले वैज्ञानिक उड्डाण झाले २०१० च्या अखेरीस. मध्ये पंधरा वर्षे गेली! या काळात स्पिट्झर आणि हर्शेल हे उपग्रह आकाशात जाऊन पुष्कळ काम करून बसले. २००६ च्या फेब्रुवारीत तर नासाने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सोफियासाठी काहीच रक्कम ठेवली नव्हती. त्याच वर्षी फेरविचार होऊन ती वाचली.

जुने घर पाडून नवे बांधायला घ्यावे आणि भाडेकरूंना पंधरा वर्षे रस्त्यावर ठेवावे, तसे हे झाले. माझ्या मते नवे यंत्र निदान धावू लागेपर्यंत जुने थांबवायला नको होते. कारण यंत्र थांबले म्हणजे केवळ मोजमापे थांबत नाहीत. ते यंत्र हाताळणारी माणसेही पांगतात आणि त्यांच्याबरोबर हातचे कसबही जाते.

अर्धीमुर्धी तयार सोफिया

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. सोफियासाठी निवडलेले बोइंग ७४७ एसपी जातीचे विमान १९७७ मधले, म्हणजे युरेनसची कडी सापडली त्याच वर्षीचे. काही वर्षे त्याने प्रवासी वाहिले. १९९७ मध्ये ते नासाकडे आले. त्याच्या शेपटीकडच्या भागात डाव्या कुशीला मोठे दार कापले आणि आत जर्मनीत बनवलेली सुमारे १७ टन वजनाची दुर्बीण बसवली. तिच्या आरशाचा व्यास २.७ मीटर.

जरा विचार करा. ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाचे दार सताड उघडे आहे. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. विमान हादरते आहे. आणि दुर्बिणीने मात्र एका ताऱ्यावर नजर रोखून बसायचे आहे! यासाठी दुर्बीण तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या एका मोठ्या गोलावर तोलली होती. विमान हलले तरी घूर्णदर्शीच्या मदतीने दुर्बीण आपली दिशा राखत असे. शास्त्रज्ञ बसत ते हवाबंद भिंतीच्या अलीकडे, नेहमीच्या दाबाच्या केबिनमध्ये.

आणखी एक गंमत. दुर्बीण फक्त डाव्या बाजूला पाहू शकत होती. विमान उत्तरेकडे जात असेल तर दुर्बीण पश्चिमेकडे पाहणार. म्हणजे कोणता तारा पाहायचा यावरून विमानाची दिशा ठरायची. वैमानिकाचा खरा नकाशा आकाशातच होता म्हणा ना! एका उड्डाणात पाच-सहा गोष्टी पाहायच्या असल्या, तर विमानाचा मार्ग वेडावाकडा होई आणि दहा तासांनी ते जिथून निघाले तिथेच परत येई.

एप्रिल २००७ मध्ये फेरफार केलेले विमान प्रथम उडाले. त्यानंतर चाचण्यांमागून चाचण्या झाल्या. आधी दार बंद ठेवून, मग थोडे उघडून, आणि १८ डिसेंबर २००९ रोजी उड्डाणात प्रथमच पूर्ण उघडून. २६ मे २०१० च्या रात्री दुर्बिणीने आकाशाकडे पहिल्यांदा पाहिले. गुरू ग्रह आणि एम-८२ ही दीर्घिका यांची अवरक्त चित्रे घेतली गेली.

या टप्प्यावर वेधशाळा पूर्ण झाली होती काय? मुळीच नाही. ठरवलेल्या उपकरणांपैकी मोजकीच तयार होती. दुर्बिणीचा स्थिरपणा अंतिम अपेक्षेइतका आला नव्हता, त्यामुळे प्रतिमा जराशा पसरट येत. सर्व सुविधांनिशी वेधशाळा सज्ज झाल्याचे जाहीर व्हायला २०१४ साल उजाडले. पण चालकांनी चार वर्षे हात बांधून बसायचे नाही असे ठरवले. 'प्रारंभिक विज्ञान' या नावाने त्यांनी लगेच निरीक्षणे सुरू केली. पहिले वैज्ञानिक उड्डाण १ डिसेंबर २०१० च्या सकाळी, दहा तासांच्या कामानंतर, कॅलिफोर्नियात उतरले.

त्या काळात हाती काय लागले?

तीन उदाहरणे देतो.

पहिले उपकरण फोरकास्ट. कॉर्नेल विद्यापीठाने तयार केलेला हा कॅमेरा ५ ते ४० मायक्रोमीटरचे किरण टिपे. त्याच्या चित्रात दर बाजूला फक्त २५६ बिंदू. तुमच्या घरातला मोबाइलही याहून कितीतरी बारीक चित्र काढतो. पण मोबाइलला जे किरण दिसतच नाहीत, ते हा पाहत होता. यासाठी त्याचे शोधक द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागत. नाहीतर उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेने तेच झळाळून उठले असते. दुर्बीण आणि आकाश हीही अवरक्तात चमकतातच. पेट्रोमॅक्सच्या उजेडात काजवा शोधण्यासारखा हा प्रकार. त्यावर उपाय असा की दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा या बाजूने त्या बाजूला हलवायचा, एकदा तारा आणि आकाश, एकदा नुसते आकाश असे मोजायचे आणि वजाबाकी करायची. अशा रीतीने मृग नक्षत्रातल्या, सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्यांच्या जन्मस्थानाची चित्रे मिळाली. तिथला आयआरसी-४ नावाचा एक ठिपका शेजारच्या ताऱ्यांच्या उजेडाने नव्हे, तर स्वतःच तापून चमकत असावा असा निष्कर्ष त्यांवरून निघाला.

दुसरे उपकरण ग्रेट. हे जर्मन शास्त्रज्ञांनी बनवलेले वर्णपटमापक एप्रिल २०११ मध्ये कामाला लागले. त्याने ताऱ्यांमधल्या वायूत गंधकाचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू मिळून झालेला एसएच हा रेणू पहिल्यांदाच ओळखला. त्याची खूण १,३८३ गिगाहर्ट्झ या कंप्रतेपाशी मिळते. त्या वेळी आकाशात असलेल्या हर्शेल उपग्रहाच्या वर्णपटमापकाला नेमक्या याच पट्ट्यात खंड होता! म्हणजे महागड्या उपग्रहाला जी फट बुजवता येत नव्हती, ती अर्ध्या तयार विमानाने बुजवली. जड हायड्रोजन असलेला ओडी हा रेणूही त्याच फटीत सापडला.

तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडते. २३ जून २०११ रोजी प्लूटो एका ताऱ्यावरून सरकणार होता आणि त्याची सावली प्रशांत महासागरावरून जाणार होती. सावलीचा वेग ताशी सुमारे ८५,००० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २४ किलोमीटर. प्लूटोचा व्यास सुमारे २,४०० किलोमीटर. भागाकार करा: सगळा खेळ शंभर सेकंदांचा. विमान सावलीचा पाठलाग करूच शकत नाही. ते फक्त योग्य जागी, योग्य क्षणी हजर राहू शकते. विमान निघाल्यावर, पिधानाला दोनेक तास उरले असताना, जमिनीवरच्या गणितज्ञांनी नवे मोजमाप कळवले: सावलीचा मध्य आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला आहे. मार्ग तिथल्या तिथे पुन्हा आखला, विमान वाहतूक नियंत्रकांची परवानगी घेतली आणि सोफिया सावलीच्या मध्याजवळून गेली. जमिनीवरची कोणती वेधशाळा उठून अशी दोनशे किलोमीटर सरकली असती? त्या दिवशी मोजमाप करणारे उपकरण अवरक्तातले नव्हते, दृश्य प्रकाशातले होते. ते तयार करणारे होते एडवर्ड डनहॅम, म्हणजे १९७७ च्या त्या रात्रीच्या तिघांपैकी एक. कसब माणसांबरोबर जाते असे मी वर म्हणालो. इथे एका माणसाबरोबर ते नव्या विमानात आले.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

माझ्या मताविरुद्ध दोन आक्षेप घेता येतील. ते टाळणे बरे नाही.

पहिला आक्षेप: घाईने केलेले काम कच्चे राहते. हा आक्षेप खरा आहे, पण तो घाईला लागू आहे, लवकर सुरुवातीला नाही. सोफियात काय अपुरे होते ते पाहा: उपकरणांची संख्या, प्रतिमेचा बारकावा, उड्डाणांची संख्या. काय अपुरे नव्हते? सुरक्षितता. दार उघडण्याआधी अडीच वर्षांहून अधिक काळ चाचण्या चालल्या. आणि दुसरे, नोंदीचा खरेपणा. प्रतिमा किती पसरट आहे, दुर्बीण किती हलते, हे शास्त्रज्ञांनी लपवले नाही. निष्कर्षांसोबत ते आकडे छापले. ज्या मोजमापाची त्रुटी ठाऊक आहे, ते मोजमाप कच्चे नसते. त्रुटी झाकलेले मोजमाप कच्चे असते, मग यंत्र कितीही पूर्ण असो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: एवढे करून शेवटी सोफिया बंदच पडली ना? होय. वर्षाला सुमारे ८.५ कोटी डॉलर खर्च येत होता. २०२१ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या दशवार्षिक अहवालाने म्हटले की खर्चाच्या मानाने निष्पत्ती कमी आहे. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस तिने शेवटचे उड्डाण केले. आता ते विमान अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथल्या संग्रहालयात उभे आहे. हा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. पैसा मोजकाच असतो आणि तो कुठे घालायचा याचा हिशेब झालाच पाहिजे. पण या हिशेबातून लवकर सुरुवात करणे चूक ठरत नाही. उलट, ती आणखी लवकर झाली असती तर बरे, हेच ठरते. उपग्रह आकाशात जाण्याआधी, २००१ च्या सुमारास, अपुऱ्या का होईना उपकरणांनिशी सोफिया उडू लागली असती, तर तिच्या जमेच्या बाजूला कितीतरी अधिक पडले असते.

आणि पुढे काय झाले तेही पाहा. त्याच ग्रेट उपकरणात टप्प्याटप्प्याने सुधारणा होत गेली आणि २०१६ मधल्या निरीक्षणांत हेलियम हायड्राइड या रेणूचा आयन प्रथमच अवकाशात सापडला. हा शोध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वात सर्वांत आधी तयार झालेला रेणू हाच असावा असे सिद्धान्त सांगत होता, पण अवकाशात तो कोणाला दिसला नव्हता. आणि पहिल्या रात्रीपासून साथ देणारा तो फोरकास्ट? २०१८ मध्ये निव्वळ चाचणी म्हणून तो चंद्राकडे वळवला, आणि चंद्राच्या उन्हाळ बाजूवर, क्लेव्हियस विवरापाशी, पाण्याच्या रेणूंची खूण मिळाली. २०२० मध्ये ही बातमी जगभर झाली. ही दोन्ही उपकरणे 'सर्व सज्ज झाल्यावर वापरू' म्हणून कपाटात ठेवली असती, तर त्यांच्यातले दोष कळायला आणि निघायला तितकाच अधिक काळ गेला असता.

आपल्या कपाटांचे काय?

आता मी शिक्षकबंधुभगिनींशी बोलतो. विद्यार्थ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना दर जूनमध्ये मला एक दृश्य दिसते. चांगले गुण मिळवून आलेली मुले व्हर्नियर हातात घेताना बिचकतात. विचारले तर उत्तर येते, 'शाळेत होता, सर, पण कपाटात होता.' एका शाळेत मी दुर्बीण पाहिली ती खोक्यातच होती; तिवईचा एक स्क्रू नव्हता म्हणे. स्क्रू न मिळाल्यामुळे चार इयत्ता चंद्र न पाहता बाहेर पडल्या. यात कोणा एकाचा दोष नाही. वस्तू मोडली तर जाब कोणी द्यायचा, ही भीती असते. जडवस्तू नोंदवहीत वस्तू शाबूत असली की तपासणी पार पडते. पण नोंदवहीत शाबूत असलेली वस्तू मुलांच्या डोक्यात शून्य असते, त्याचे काय?

सोफियाच्या चालकांनी पाळलेला नियम आपणही पाळू शकतो. दोन गोष्टी पूर्ण हव्यात: सुरक्षितता आणि नोंदीचा खरेपणा. विजेची जोडणी नीट नसेल, आम्लाची बाटली तडकलेली असेल, तर प्रयोग नको. तिथे तडजोड नाही. बाकीचे अपुरे चालेल. तीस मुलांत तीन भिंगे असतील तर तीन गट पाडा. स्क्रू नसेल तर सुतळीने बांधा, आणि नोंदवहीत लिहा: 'तिवई सुतळीने बांधली आहे, प्रतिमा हलते.'

आणि खरेपणाबद्दल थोडे कडक बोलतो. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ आलेच पाहिजे म्हणून मागून आकडे जुळवणारी मुले तुम्ही पाहिली असतील. त्यांना हे कोणी शिकवले? ९.३ उत्तर आले की गुण कापणाऱ्या आपणच ना! माझ्या मते ९.३ उत्तर देऊन 'दोरा ताणला जात होता आणि दहाऐवजी पाचच आंदोलने मोजली' असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. जुळवलेल्या ९.८ ला शून्य.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही शाळेने कपाट उघडण्याची वाट पाहू नका. एक मीटर लांबीचा दोरा, एक दगड आणि घड्याळ एवढ्यावर दोलक होतो. त्याचे एक आंदोलन सुमारे दोन सेकंदांचे येते का ते पाहा. दूरचित्रवाणीच्या रिमोटचे पुढचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा ठिपका पडद्यावर चमकताना दिसेल. काही मोबाइलमध्ये मागच्या कॅमेऱ्यापेक्षा पुढच्याने चांगला दिसतो. हाही अवरक्त किरणच, फक्त कमी तरंगलांबीचा. शाळेत लोलक आणि दोन तापमापी मिळाल्या, तर त्यांचे फुगे काजळीने काळे करून हर्शेल यांचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. मात्र सूर्याकडे थेट पाहू नका, आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही.

पहिल्या दिवशीची मोजमापे ओबडधोबड येतील. येऊ द्या. तारीख घालून, काय कमी पडले ते खाली लिहून, वही जपून ठेवा. पुढच्या महिन्यात तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. किती सुधारणा झाली हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही. आणि शाळेत दुर्बीण असेल, तर येत्या शुक्ल पक्षात सप्तमी-अष्टमीच्या सुमारास ती बाहेर काढण्याची विनंती आपल्या शिक्षकांना करा. अर्ध्या चंद्रावर विवरांच्या सावल्या सर्वांत चांगल्या दिसतात, आणि त्यासाठी एक नेत्रिका पुरते.